अकरा नंबरच्या खाटेचा श्वास

मी परळच्या एका इस्पितळातली पाटी बोलतेय. पुरुषांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेच्या पायथ्याशी टांगलेली.

लालबागच्या सुताराने मला फळकुटातून रंधून काढलं, वर चिमटा ठोकला. चिमट्यात कागद: ताप, नाडी, श्वास. माणूस ढासळू लागला की आधी माझ्यावर दिसावं, एवढ्यासाठी माझा जन्म. पण माझा माझ्यावरच भरवसा उरलेला नाही.

ताप मोजतात, नाडी धरतात. श्वास मात्र टेबलाशी पाट्या गोळा करून तीसच्या तीस जणांचा एकदम लिहितात. वीस! चौदा नंबरचा म्हातारा चार वाजता गेला. त्याच्या पाटीवर सहा वाजताचा श्वासही वीस होता. तेव्हापासून प्रत्येक आकड्याचा मला संशय येतो.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात बरगडीवर लाठी खाल्लेला गिरणी कामगार गुणाजी माझ्या खाटेवर आला. दुसऱ्या दुपारी त्याची बायको मालन पेज घेऊन आली. तो बोलेना, नुसती चादर चाळवत होता.

"झोप इली वाटता," ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला भिवा होता, गिरणीत कापडाचे माग चालतात त्या साचेखात्यातला जुना जॉबर, म्हणजे मुकादम. तो डोळे मिटून ऐकत होता.

"नर्सबाई, ह्येचो श्वास मोजलात काय?" त्याने हाक दिली.

"पाटीवर लिहिलाय ना. वीस," टेबलाशी बसलेली नर्स सुनेत्रा फणकारली.

"लिवलेलो दिसता माका. मोजलात काय, ता इचारतंय. चाळीस वर्सां साच्याचे ठोके ऐकलंय मी. हो साचो भलतोच पळता, तुटतलो!"

"जॉबरमामा, ही गिरणी नाही." पण ती आली. घड्याळ काढून तिने गुणाजीच्या छातीवर नजर लावली आणि तिचा चेहरा उतरला. चव्वेचाळीस. ओठ निळे.

ती धावली. डॉक्टरांनी छातीत सुई घातली. मोडक्या बरगडीने फुप्फुस फाटून आत कोंडलेली हवा फुस्सकन बाहेर आली. संध्याकाळी गुणाजीने तीच पेज घेतली.

"हे वीस कुणी लिहिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," सुनेत्रा म्हणाली. चूक लपवायला तिने ते खोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती घड्याळ घेऊन खाटेखाटेशी उभी राहू लागली. सोळा, चोवीस, अठरा. आम्ही पाट्या प्रथमच वेगवेगळ्या दिसलो.

तिची बदली झाली. तीस खाटांना एकच नर्स देणारे साहेब जागच्या जागी आहेत. काल टेबलावर पुन्हा पाट्यांची चळत लागली.

तेव्हा भेटायला याल, तर मला वाचून परत फिरू नका. आधी आपल्या माणसाच्या छातीकडे बघा. मग भिवासारखं बेधडक विचारा: लिहिलेलं दिसतंय, मोजलंय काय?