पुलाअलीकडे बंद पडणारी गाडी

माझ्या भाऊजींनी माझं भलं केलं, आणि त्या रागापायी मी त्यांच्याशी तीन आठवडे धड बोललो नाही. आता सगळं सांगतो, म्हणजे चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, म्हणजे जमलंच नाही. ताईच्या घरी वरच्या खोलीत राहतो. खाली ताई आणि तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी. त्यांचं गॅरेज आहे. माझ्याकडे वडिलांची जुनी गाडी आहे. ती कुणी विकत घेणार नाही, आणि घेतलीच तर मला देववणार नाही.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला गाडीनं नवीन खोड काढली. घरून निघालं की बरोबर पंधरा मिनिटांनी, उतार संपून नदीवरचा पूल लागायच्या जरा आधी, ती खोकायला लागायची. दोन आचके द्यायची आणि ठप्प. तेही फक्त धुकं असलं की. पहिल्या दिवशी मी बॉनेट उघडून उभा राहिलो आणि तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. गाडीला, धुक्याला, वडिलांनासुद्धा एक दिली, देवा माफ कर.

मागून आवाज आला, "शिव्या संपल्या असतील तर चहा घ्या."

शिलाईच्या दुकानाच्या दारात एक बाई उभ्या होत्या. गळ्यात मापाची टेप, बाहीत टाचण्या खोचलेल्या, हातात दोन कप. चहा घेतला. दहा मिनिटांनी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, जसं काही झालंच नव्हतं.

त्यानंतर धुकं पडलं की गाडी तिथेच बंद पडायची आणि चहा तयार असायचा. त्या मला "चष्मेवाले" म्हणायच्या, मी त्यांना "बाई". दुकानात दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि कापलेल्या कापडाचे तुकडे भरलेलं एक पिंप. मी त्या पिंपाशेजारच्या स्टुलावर बसायचो. त्या सुई ओवताना हात पार लांब न्यायच्या आणि म्हणायच्या, "माझे हातच आखूड पडायला लागलेत हो." मी हसायचो. त्यांचे यजमान बारा वर्षांपूर्वी गेले, हे त्यांनी एकदा बटण लावता लावता सांगितलं आणि लगेच विचारलं, साखर पुरली का. घरी येऊन मी रात्रभर त्या प्रश्नाला बरी उत्तरं शोधत बसलो. मी फक्त "पुरली" म्हटलं होतं.

सुई त्या किती लांब धरतात ते मी नजरेनं मोजलं. दोन नंबर. डोळे न तपासता नंबर काढणं आमच्या धंद्यात पाप आहे, पण मी ते केलं. भिंगं स्वतः घासली, तपकिरी फ्रेममध्ये बसवली आणि चष्मा गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवून दिला. रोज वाटायचं, आज देऊ. पण द्यायचा म्हणजे काहीतरी बोलायला लागणार!

अशातच एकदा ताईनं विषय काढला. गाडी सारखी बंद पडते आणि मी दुकानात उशिरा पोचतो, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. भाऊजींनी जेवता जेवताच निदान केलं.

"कार्बोरेटरमध्ये बर्फ होतोय."

"बाहेर पाणीसुद्धा गोठत नाही, आणि आत बर्फ?"

"हातावर स्पिरिट लावलं की गार लागतं ना? तसंच पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर गार पडतो. हवा ओली असली की त्यातलं पाणी त्याच्या घशातच गोठतं. इंजिन गुदमरतं. थांबलास की इंजिनच्या उष्णतेनं बर्फ वितळतो, म्हणून मागाहून काही सापडत नाही. तुझ्या गाडीला एक पाइप असतो, सायलेन्सरच्या बाजूची गरम हवा आत ओढणारा. तो कधीचाच गळून पडलाय. अर्ध्या तासाचं काम आहे."

"बघू सवडीनं," मी म्हटलं. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच गोठलोय.

हिवाळा अर्धा सरला तेव्हा बाई म्हणाल्या, "महिनाअखेरीला दुकान बंद करतेय. भावाकडे जाते राहायला. लांब आहे, पण तो बोलावतोय कधीचा. इथे आता माझं कोण आहे?"

आणि मी काय म्हणालो? "अरे वा!"

अरे वा! असं म्हणणाऱ्या माणसाला भर रस्त्यात उभं करून कान उपटायला हवेत. त्या रात्री मी ठरवलं, महिनाअखेरीच्या आत बोलायचं. जाऊ नका, एवढंच. दोन शब्द. धुक्यातली दहा मिनिटं हाताशी होती, आज नाही तर उद्या जमलंच असतं.

त्या रविवारी मी दुपारी झोपलो असताना भाऊजींनी गाडीला पाइप बसवला. न विचारता! वर, हवेच्या डब्यावर एक खटका असतो, एका बाजूला उन्हाळ्यासाठी सूर्य आणि दुसऱ्या बाजूला हिवाळ्यासाठी हिमाचा कण काढलेला. तो सूर्यावरून कणाकडे फिरवला. संध्याकाळी हात पुसत मला म्हणाले, "आता बघ, कशी पळते!"

पळाली. सोमवारी दाट धुकं होतं आणि गाडी खोकलीसुद्धा नाही. दुकानासमोर आलो, बाई दोन कप घेऊन दारात उभ्या. ब्रेक दाबायचा होता, मान्य आहे. पण मनात आलं, थांबून सांगायचं काय? चालत्या गाडीतून उतरायचं कारण काय? तेवढ्यात पूल आला. मी नुसता हात हलवला. आरशात त्या दोन कपांसह लहान होत गेल्या.

तुम्हाला सांगतो, इतकं एकटं मला वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

मंगळवारी मी पहाटे उठून खटका परत सूर्यावर फिरवला. तर त्या दिवशी लख्ख ऊन! हवा कोरडी, गाडी शहाण्यासारखी पळाली. बुधवारी भाऊजींच्या ते लक्षात आलं. "हा फिरतोय वाटतं आपोआप," म्हणत त्यांनी पक्कडीनं तार आवळून खटका कायमचा बांधून टाकला. मी जिन्यात उभा राहून पाहत होतो. कपाळ माझं!

तीन आठवडे मी रोज त्या दारावरून गेलो. पहिले काही दिवस बाई दारात असायच्या. मग दार नुसतं उघडं असायचं. मग काचेवर कागद लागला: कपडे महिनाअखेरीपर्यंत घेऊन जावेत. मी तो गाडी हळू करून वाचला आणि पुढे गेलो.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी धुकं असं होतं की पूल दिसेना. इंजिन मजेत गुणगुणत होतं. दुकानासमोर आलो आणि मी चालत्या गाडीची किल्ली फिरवून ती बंद केली. उतरलो. बॉनेट उघडलं.

बाई बाहेर आल्या. मागे दुकान रिकामं, मशिनं गोणपाटात शिवलेली, खोकी दोरीनं बांधलेली. त्या सरळ गाडीपाशी आल्या आणि वाकल्या.

"पाइप बसवलाय की."

"हो."

"खटकाही हिवाळ्यावर आहे. वर तारेनं बांधलाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग आज का बंद पडली?"

"पडली नाही. मी थांबवली."

त्यांनी बॉनेट हळूच खाली लावलं. "माझ्या भावाकडे हीच गाडी होती. दर हिवाळ्यात तिचा पाइप निखळायचा. तुमचं काय बिघडलंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त केली असती."

एवढ्या दिवसांचे ते दोन शब्द एकदम बाहेर पडले. "जाऊ नका."

"टेम्पो बारा वाजता येतोय," त्या म्हणाल्या. पण हलल्या नाहीत. "तीन आठवडे दोन कप चहा टाकत होते मी. दुसरा रोज मोरीत ओतायचा. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. मी गाढव आहे."

"ते आहातच."

मी गाडीचा कप्पा उघडला, चष्मा काढला आणि त्यांच्या हातात दिला. कशासाठी, कधी केला, काही बोललो नाही. मग पाचावर धारण बसल्यासारखा थेट रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभा राहिलो. त्यांनी चष्मा उलटसुलट करून पाहिला, पदरानं भिंगं पुसली आणि डोळ्यांवर चढवला. माझ्या दिशेनं बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"सगळं धूसर दिसतंय हो. तुम्हीसुद्धा."

"जवळचा आहे तो," मी ओरडून सांगितलं. "हातभर अंतरापुरता."

"मग चष्मेवाले," त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब काय उभे आहात?"