लेडीज साइझ येईपर्यंत

मी साबणाच्या कारखान्यातलं पांढरं हेल्मेट बोलतोय. पांढरं, हे नीट ऐकून ठेवा. पिवळी हेल्मेटं आमच्याकडे साठ आहेत, ती कामगारांची. पांढरं एकच, मॅनेजरसाहेबांचं. त्यामुळे माझ्या अंगात पहिल्यापासून थोडी मस्ती आहे.

माझा जन्म साच्यात झाला. आत पट्टा बसवला, मागे एक चकती लावली आणि खोक्यात घातलं. चकती फिरवली की पट्टा सैल किंवा घट्ट होतो, असं खोक्यावर चित्रासकट छापलं होतं. पण खोकं कधी कुणी वाचतं का? फाडलं आणि फेकून दिलं.

माझे पहिले मालक थोरले साहेब. त्यांचं डोकं कलिंगडाएवढं. मी त्यावर पातेल्यावरच्या झाकणासारखा नुसता ठेवलेला असायचो. जरा वाकले की मी पडायचो, म्हणून त्यांनी वाकणंच सोडून दिलं. पेन पडलं तरी दुसरा कुणी उचलून देई.

त्यांच्यानंतर आले धाकटे साहेब. यांचं डोकं इतकं लहान, की मी सरळ नाकावर उतरलो. त्यांनी आत दोन हातरुमाल कोंबले, तरी तेच. शेवटी समोरचं दिसावं म्हणून ते हनुवटी वर करून चालायला लागले. लोकांना वाटलं, काय रुबाब आहे. मग फोरमननं हनुवटी वर केली, मग स्टोअरकीपरनं, मग साठच्या साठ जणांनी. यथा राजा तथा प्रजा. सहा महिन्यांत चौघं साबणाच्या पाण्यावरून घसरून आपटले आणि चारही वेळा दोष फरशीला दिला गेला.

त्याच काळात वड्या कापायचं यंत्र दर तासाला बंद पडू लागलं. बाहेरून तज्ज्ञ आले, वरची पाती बदलली, पट्टे बदलले. दोन वर्षं असंच चाललं. शेवटी धाकटे साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या.

मॅडमनी दुसऱ्या कारखान्यात आठ वर्षं यंत्रं हाताळली होती. कंपनीनं त्यांना तीन महिने दिले होते. तीन महिन्यांनी मोठं गिऱ्हाईक बघायला येणार, तेव्हा यंत्र सलग चार तास चाललं पाहिजे. नाही चाललं तर ऑर्डर गेली, आणि मॅडमची रवानगी मुख्य कचेरीत फायली लावायला.

पहिल्या दिवशी त्यांनी खुंटीकडे हात नेला, तर फोरमन मध्ये आला.

"ते तुम्हाला नाही बसायचं, मॅडम. साहेब लोकांचं आहे ते."

स्टोअरकीपर म्हणाला, "लेडीज साइझ मागवलाय आम्ही. गुलाबी. तीन महिन्यांत येईल."

"मग तोवर पिवळं घालते."

"छे छे. मॅनेजरनं पिवळं घालायचं? खुर्चीचा मान काय राहील?"

"म्हणजे मी आत जायचंच नाही?"

"हेल्मेटशिवाय आत जायचं नाही, असा नियम आहे मॅडम. तुमच्या काळजीपोटीच सांगतोय."

म्हणजे पांढरं बसत नाही, पिवळं शोभत नाही आणि गुलाबी आलेलं नाही. ऐकून मी खुंटीवर बसल्या बसल्या हसलो. आता खोटं कशाला बोलू, मलाही बरंच वाटलं होतं.

चार दिवस मॅडम काचेच्या केबिनमध्ये बसून होत्या. लोक येत, विचारत. पडद्यांचा रंग कोणता घ्यायचा, सहलीला कुठे जायचं, निरोप समारंभाला भेट काय द्यायची. यंत्र बंद पडलं, की मात्र सगळे फोरमनच्या टेबलाशी जमत. मॅडमनी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं होतं. "यंत्र लहरी आहे हो. तुम्ही नका डोक्याला ताप करून घेऊ."

पाचव्या दिवशी सकाळी त्या उठल्या आणि मला खुंटीवरून ओढून डोक्यावर घातलं. मी घरंगळत नाकावर आलो. दारातली मंडळी गालातल्या गालात हसली.

"म्हटलं नव्हतं मी?" फोरमन म्हणाला.

मॅडमनी मला काढलं, उलटं केलं आणि मागची चकती फिरवली. कर्र, कर्र, कर्र. पुन्हा घातलं, मान हलवून बघितली. मी जागचा हललो नाही. पाच वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी डोक्यावर धड बसलो होतो. मला तर भरून आलं.

"ते फिरतं होय?" फोरमननं विचारलं.

"तुमचंही फिरतं. मागे हात लावून बघा."

पुढची दहा मिनिटं कारखान्यात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. साठ हेल्मेटं कर्र कर्र करत होती. स्टोअरकीपरनं तर इतकं आवळलं, की त्याच्या भुवया वर गेल्या त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली आल्या नाहीत.

मॅडम तडक यंत्रापाशी गेल्या आणि खाली उकिडव्या बसल्या. मी पडलो नाही. यंत्राच्या बुडाशी मोटारीला हवा मिळावी म्हणून एक जाळी होती. म्हणजे असावी, कारण तिथे नुसता साबणाचा थर दिसत होता. मॅडमनी तो खरवडला. आतून एक हातमोजा निघाला, एक चमचा निघाला आणि एका भल्या मोठ्या साबणाच्या गोळ्यात फोरमनचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा निघाला. मोटारीचा श्वास कोंडत होता, म्हणून ती तापून बंद पडत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हनुवट्या खाली करून बघायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

यंत्र चालू झालं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. आता तरी यांचे डोळे उघडतील असं मला वाटलं. कसलं काय. स्टोअरकीपर म्हणाला, "बाईमाणसाचं लक्ष झाडलोटीकडे जातंच हो." फोरमन चष्मा पुसत राहिला.

गिऱ्हाईक यायच्या आधी आठवडाभर गुलाबी हेल्मेट आलं. उघडून बघितलं तर तोच पट्टा, तीच चकती, मापाचे आकडेही तेच. फरक फक्त रंगात. मॅडम म्हणाल्या, "मागवलंय तर वापरा." तेव्हापासून ते स्टोअरकीपरच्या डोक्यावर आहे, आणि शोभतंही.

मग तो दिवस उजाडला. गिऱ्हाईकाकडून तिघं आले, मुख्य कचेरीतून एक मोठे अधिकारी आले. यंत्र चार तास चाललं, वड्या भराभर पडत होत्या. मला घाम फुटला होता. की तो मॅडमचा होता, कोण जाणे. चार तास झाले आणि पाहुण्यांतला मुख्य हात पुढे करून निघाला. आमच्यासमोरून गेला आणि थेट फोरमनपुढे उभा राहिला.

"अभिनंदन साहेब. कारखाना मस्त सांभाळलाय तुम्ही." मग मॅडमकडे वळून म्हणाला, "आमच्या बॅगा कुठे ठेवल्यात, जरा बघता का?"

ते मोठे अधिकारी सगळं बघत होते. फोरमनची हनुवटी हळूहळू वर जायला लागली, माझा जीव खालीवर झाला. मग ती मध्येच थांबली.

"साहेब मी नाही," तो म्हणाला. "मॅनेजर या आहेत. माझ्याच्यानं दोन वर्षं हे यंत्र चाललं नाही. यांनी पाच दिवसांत चालवलं. त्यातले चार दिवस मीच यांना आत येऊ दिलं नव्हतं."

पाहुण्यांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मोठ्या अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "बॅगा माझ्या केबिनमध्ये आहेत. चला, ऑर्डरचं तिथेच बोलू."

त्या गोष्टीला वर्ष झालं. मॅडम अजून इथेच आहेत. मी मात्र चाललोय. हेल्मेटाला वापराची मुदत असते, माझी या शनिवारी संपते. शेजारच्या खुंटीवर नवं पांढरं हेल्मेट आलंय, ऐटीत बसलंय, अगदी माझ्यासारखं. त्याला मी एवढंच सांगितलंय, बाबा रे, दारातून कोण येतंय ते बघून आधीच हसू नकोस. मी हसलो होतो. मॅडम, तेवढं माफ करा.