फोटोतला चेहरा

कमलचा फोटो कानपूरच्या स्थळाकडे गेला तेव्हा तिचा चेहरा लांबट होता. दम्याच्या गोळ्या सुरू झाल्या त्या नंतर. आठ महिन्यांत गाल असे सुजले की आईला, द्रौपदीला, पोर ओळखू येईना. आणि पाहुणे यायला तीनच आठवडे उरले होते.

छातीच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "गोली पूरे बदन में घूमती है. पंप की दवा सीधे फेफड़ों में जाती है. रोज़ के लिए पंप ही ठीक है." द्रौपदीने नाक मुरडलं. पंप चारचौघांत दिसतो आणि निशातगंज मोहल्ल्यातल्या बायकांच्या मते पंप म्हणजे दम्याची शेवटची पायरी. गोळी कशी, स्वयंपाकघरात पाण्याच्या घोटाबरोबर गिळली की संपलं. लखनौत आपल्यातली मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. एका घरात कळलं की नागपूरपर्यंत बभ्रा व्हायचा. डॉक्टरांनी नाइलाजाने गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "अचानक बंद मत कीजिएगा, शरीर इनका आदी हो जाता है. मुझसे पूछकर, धीरे-धीरे."

द्रौपदीला ते शब्दन् शब्द आठवत होतं. अडाणी म्हणून तिला माफ करायची सोय नाही.

"तीन आठवडे गोळ्या बंद ठेवू," ती नवऱ्याला म्हणाली. "सूज उतरली की पुन्हा सुरू."

टेलिफोन खात्यातल्या श्रीपतने पेपरातून मान वर केली नाही. "डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणतील."

त्याने पान उलटलं. घरचा निकाल लागला.

चेहरा उतरला खरा. पण कमलचं जेवण सुटलं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. "आई, मुझे ठीक नहीं लग रहा," ती रोज म्हणायची. द्रौपदी तिची हनुवटी धरून गाल निरखायची. "रविवारपर्यंत कळ काढ, बेटा."

रविवारी मुलगा आला, बँकेतला संग्राम, आणि त्याची आई गयाबाई. कमलने चहा दिला, दोन प्रश्नांची उत्तरं दिली.

"फोटोत आहे तश्शीच आहे हो," गयाबाई म्हणाल्या. द्रौपदीचा जीव भांड्यात पडला. कमल आत जायला उठली तेव्हा तिने भिंतीचा आधार घेतला. द्रौपदीने ते पाहिलं आणि पोह्यांची बशी पुढे केली.

थोड्या वेळाने गयाबाईंना खोकल्याची उबळ आली. त्यांनी पिशवीतून पंप काढला आणि सगळ्यांदेखत दोनदा ओढला.

"दमा आहे मला," त्या म्हणाल्या. "गोळ्यांनी फार फुगले होते. पंप घेते तेव्हापासून बरी आहे. त्यात लाजायचं काय?"

द्रौपदी जवळजवळ पळतच आत गेली, आता काही लपवायला नको हे पोरीला सांगायला. कमल मोरीच्या दाराशी पडली होती. ओठ निळे, पदरावर उलटी. श्रीपत आणि संग्रामने तिला उचलून रिक्षात घातलं. गयाबाईंनी स्वतःचा पंप तिच्या तोंडाला लावला, पण ओढायला तिच्यात श्वासच उरला नव्हता.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी बराच वेळ खटपट केली. मग ते थांबले.

"गोली कब से बंद थी?"

"इक्कीस दिन," श्रीपत म्हणाला.

"किसके कहने पर?"

पाहुणे दारातच उभे होते.

"किसी के नहीं," द्रौपदी म्हणाली. "मैंने बंद की."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि चादर वर ओढली.