पाण्याखालच्या घोषणा

गेल्या वर्षीच्या निकालपत्रात माझ्या नावापुढे वेळ नव्हती, ‘अपूर्ण’ असा शब्द होता. कामगारांच्या स्पर्धेत दोनशे मीटर पोहायचं म्हणजे तलावाची ही भिंत ते ती भिंत, असं आठ वेळा. माझ्या चार फेऱ्या झाल्या तेव्हा बाकीच्या बायका काठावर अंग पुसत होत्या. आयोजक साहेबांनी शिट्टी फुंकली आणि हसत म्हणाले, “बाई, हौस फिटली ना? या आता वर.”

उत्तर जिभेवर तयार होतं, पण छातीत एका शब्दापुरतीही हवा नव्हती. निमूट वर आले. तो राग मला वर्षभर पुरला. यंदा माझ्या नावापुढे आकडा हवा होता, कितीही मोठा आला तरी चालेल.

तलावावर शिकवणारी पोरगी माझ्या भाचीच्या वयाची. तिने मला एक फेरी मारायला लावली आणि म्हणाली, “काकू, तुम्हाला श्वास घेता येत नाही, कारण तुम्ही तो सोडतच नाही.”

माझं पित्त खवळलं, पण ती खरं बोलत होती. बावीस वर्षं मी बसस्थानकावर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, हे सगळं माझ्याच तोंडून. श्वासाचा फुसफुसाट माइकवर गेलेला चालत नाही. म्हणून भरून घ्यायचा, दाबून ठेवायचा आणि बटण बंद केल्यावरच सोडायचा. पाण्यातही मी तेच करत होते. तोंड बाहेर आलं की आधी जुना श्वास टाका, मग नवा घ्या. एवढ्याशा वेळात दोन्ही कामं कशी व्हायची?

“तीन हात मारेपर्यंत पाण्यात हवा सोडत राहायचं,” ती म्हणाली. “मग मान वळवून घ्यायची. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.”

ऐकायला सोपं होतं. दोन आठवडे मी नुसतं पाणी प्यायले. सोडायचं म्हटलं की गळा आपोआप बंद व्हायचा. शेवटी चिडून एक दिवस पाण्याखालीच बोलले, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.” बुडबुडे उठले, तीन हात झाले, मान वळली आणि हवा हवी तेवढी आत आली.

मग काय, घरीही सुरू. बादलीत तोंड घालून मी गाड्या सोडायला लागले. नवरा दाराशी येऊन म्हणायचा, “एवढ्या गाड्या लागल्यात, त्यातली एखादी स्वयंपाकघराकडे जाईल का?” मी त्याला बादलीतूनच उत्तर द्यायचे. पाण्याखाली कोणाला ऐकू जात नाही, ही केवढी सोय! ‘कृपया’ मी पहिल्या आठवड्यातच गाळलं. बावीस वर्षं चौकशीच्या खिडकीवर वाद घालणाऱ्यांपुढे मूग गिळून बसले होते, त्या सगळ्यांना मी तीन-तीन हातांत उत्तरं दिली. स्पर्धेच्या साहेबांना तर रोज.

यंदाही शेवटचीच होते. सहावी फेरी संपली तेव्हा मी सोडून सगळा तलाव रिकामा होता. उजवीकडे मान वळली तशी शिट्टी ऐकू आली. डावीकडे वळली तेव्हाही. साहेब काठाने माझ्याबरोबर चालत होते.

“बाई, पुढची शर्यत खोळंबलीय. थांबा आता.”

“थांबणार नाही,” मी पाण्याखाली म्हटलं. तीन हात. श्वास. “थांबणार नाही.” तीन हात. श्वास. सातवी भिंत आली, पायाने ढकलली. खांदे भरून आले होते, पण दम शाबूत होता. आठवी भिंत मी तळहाताने अशी मारली की हात झिणझिणला.

साहेब वाकून म्हणाले, “पोहलात, छान. पण तुमची वेळ घेतलेली नाही. घड्याळ मघाशीच थांबवलं.”

गेल्या वर्षी मी रडले असते.

“मग परत लावा,” मी एका दमात म्हटलं, “मी पुन्हा पोहते, आठच्या आठ, आणि या खेपेला मी भिंतीला हात लावेपर्यंत घड्याळाला हात लावायचा नाही.”

त्यांनी शिकवणाऱ्या पोरीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. पुढच्या शर्यतीतल्या बायका एकेक करून बाकावर बसल्या. एकीने तर टोपीही काढली. साहेबांनी घड्याळ शून्यावर आणलं आणि शिट्टी ओठांशी नेली.

“ती राहू द्या,” मी म्हटलं. “सुटायची घोषणा मी करते.”