पाठराखणीचा पट्टा

आमची धाकटी हुशार, हे घरात सगळ्यांना ठाऊक. मी नुसती कामाची. एकाच प्रयोगशाळेत ती संशोधक आणि मी अठरा वर्षं कंत्राटावर असलेली सहाय्यक, म्हणजे 'ताई, जरा हे बघ ना' म्हटलं की बघणारी.

तिच्या प्रथिनाची घडीच नीट बसेना. जीवाणूत बनवायला गेलं की नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. दोन वर्षं तिनं डोकं फोडून घेतलं. शेवटी मीच म्हटलं, अगं बाई, जीवाणूंकडे चॅपरोन असतो, दुसऱ्या प्रथिनांना घडी घालायला मदत करणारा, त्याला हाताशी धर. सात-सात तुकड्यांची दोन कडी एकमेकांवर, आत पोकळी, वर झाकण. अर्धवट घडीचं प्रथिन आत घ्यायचं, झाकण लावायचं, दहाएक सेकंद गर्दीपासून लांब ठेवायचं आणि घडी बसो न बसो, सोडून द्यायचं. आईला मी तो 'पाठराखीण' म्हणून समजावला होता. आई म्हणाली, मग पोचवून झाल्यावर तिला विचारतं कोण?

मी जीवाणूंत जास्तीचा चॅपरोन घातला, तापमान सोळा अंशांवर आणलं, सहा महिने उस्तवार केली. एक दिवस नळीत गुठळी म्हणून नाही. धाकटी गळ्यातच पडली. रिसर्च पेपरात तुझं नाव टाकते, म्हणाली. त्या नावावर माझी नोकरी कायम व्हायची होती. वर्षअखेरीला कंत्राट संपत होतं.

पण तपासणीच्या जेलवर प्रत्येक प्रथिनाचा वेगळा पट्टा उमटतो, तिथं तिच्या प्रथिनाच्या पट्ट्याशिवाय वर आणखी एक पट्टा दिसे. चॅपरोन चिकटून बसला होता. ताई, तेवढी घाण काढ ना, ती म्हणाली. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, दिलं की तो पकड सोडतो. मीच दिलं, मीच धुतलं, मीच सिंकमध्ये ओतलं. एकच पट्टा उरला, देखणा.

पेपर छापून आला. माझं नाव नव्हतं. विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "अगं, शेवटच्या रचनेत चॅपरोन नाहीच ना. मग तुझं काम कुठे दाखवू?"

अंगाची लाही लाही झाली. पाठच्या बहिणीनं मला घाणीत काढलं, आणि धुतलं होतं मीच.

कंत्राटाच्या शेवटच्या दिवशी मी कपाट आवरत होते. ती नळी घेऊन आली. नवं प्रथिन, गुठळ्या त्याच.

"ताई, जरा हे बघ ना."

मेली सवय. मी नळी घेतली, उजेडात धरली. मग तिच्या हातात परत दिली, वर माझ्याकडची प्रयोगशाळेच्या फ्रीजची किल्ली ठेवली.

"पाठराखीण लागेल ह्याला," मी म्हटलं, "आणि ती तर तू सिंकमध्ये ओतायला लावलीस."