सिस्टरबाईंच्या उंचीची गाडी

मित्रांनो, माझ्या पाठीवर, डिकीच्या उजव्या कोपऱ्यात, एक चंदेरी अक्षर आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या पाठीवर अशी दोन अक्षरे असतात आणि धाकटीच्या पाठीवर एकही नसते. मी मधली. छोट्या गाड्यांच्या घराण्यातली, मधल्या मॉडेलची, तेरा वर्षांची जुनी गाडी. रंग राखाडी. आवाज अजून खणखणीत.

आम्हा तिघींचा जन्म एकाच कारखान्यात झाला. पत्रा एक, इंजिन एक, काचा एकाच भट्टीतल्या. अर्ध्या वाटेपर्यंत आमचे आम्हालाही ठाऊक नसते की आपल्यातली थोरली कोण आणि धाकटी कोण. मग एका वळणावर एक कामगार येतो आणि बॉनेटवर कागद चिकटवतो. पुढचे लोक तो कागद वाचून सामान लावत जातात. धाकटीच्या कागदावर चारच ओळी होत्या. थोरलीच्या कागदाला खाली दुसरा कागद जोडलेला होता. तिला छतावर काच मिळाली, वहीएवढा स्क्रीन मिळाला, चकाकती चाके मिळाली. मला मागच्या काचेवर वायपर मिळाला, जास्तीच्या एअरबॅग मिळाल्या आणि चालकाच्या सीटला एक काळा दांडा मिळाला. तो दांडा कशासाठी ते मला तेव्हा समजले नाही. कामगाराने तो दोन-चार वेळा ओढून पाहिला आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

शोरूममध्ये थोरलीला काचेआड दिव्यांखाली उभे केले. धाकटीला ट्रायलसाठी दारात ठेवले. मला मागच्या आवारात भिंतीशी लावले. येणारा माणूस एक तर विचारायचा, सगळ्यात स्वस्त कुठली, नाही तर विचारायचा, सगळ्यात भारी कुठली. थोरलीचे कौतुक, धाकटीचे लाड, आणि मधली आपली घरात आहे की नाही याचाही कुणाला पत्ता नाही, असे माझे चालले होते.

मग एका सकाळी ती तिघे आली.

पुढे सिस्टरबाई, तीन भावंडांतल्या मधल्या. उंची जेमतेम पावणेपाच फूट, पण चाल अशी की रस्त्यातल्या लोकांनी आपोआप बाजूला व्हावे. तीस वर्षे त्यांनी इस्पितळात नर्सचे काम केले होते. वॉर्ड बंद झाला आणि त्या घरी बसल्या. वर्षभर घरी बसून त्यांनी घरातला प्रत्येक डबा तीन तीनदा घासला होता. आता घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या एका संस्थेने त्यांना काम देऊ केले होते. डोंगरावरच्या वस्तीत अकरा रुग्ण होते. कुणाची जखम धुवायची होती, कुणाला इंजेक्शन द्यायचे होते. बस तिथवर जात नव्हती. अट एकच होती. येत्या एक तारखेला स्वतःची गाडी स्वतः चालवत यायचे, नाही तर काम दुसऱ्या कुणाला मिळणार. तारखेला तीन आठवडे उरले होते. लायसन्स बाईंनी बावन्नाव्या वर्षी नुकतेच काढले होते, आणि ते पर्समधून काढून त्या अधूनमधून बघत होत्या.

त्यांच्या मागे त्यांचे यजमान, सुतारकाका. ताडमाड उंच, कानावर पेन्सिल, हातात कापडी पिशवी. आणि बाईंचा धाकटा भाऊ. त्याला रुमालसुद्धा सगळ्यात वरच्या दर्जाचा लागायचा, म्हणून नातेवाईक त्याला टॉपमामा म्हणत.

टॉपमामा तडक थोरलीपाशी गेला. सुतारकाका तडक धाकटीपाशी गेले. बाई मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आधी मला बसू द्या.

त्या धाकटीत बसल्या. बाहेरून फक्त अंबाडा दिसत होता. समोर त्यांना स्टिअरिंगचा वरचा भाग आणि समोरच्या इमारतीचा तिसरा मजला दिसत होता, असे त्यांनीच सांगितले. शोरूममधली मुलगी सांगू लागली की या मॉडेलला सीट वर घ्यायची सोय नाही.

सुतारकाका याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी पिशवीतून एक फळी काढली. काय फळी होती ती! कडा गोल घासलेल्या, वर पॉलिश, खाली रबर. बायकोची बसण्याची उंची त्यांनी घरीच मोजून ठेवली होती. त्यांचे म्हणणे सरळ होते. वरच्या मॉडेलमध्ये जे जे असते ते ते मी घरी करीन. हात टेकायला फळी, पेला ठेवायला खाच, सीटखाली पाट. चाळीस वर्षे रंधा मारलेल्या माणसाला जगात लाकडाने भागणार नाही असे काही दिसतच नाही.

"मग भाऊजी, इंजिनही शिसवी बसवा," टॉपमामा म्हणाला.

"तू आधी तुझ्या त्या महागड्या कपाटाचं दार बंद करून दाखव," काका म्हणाले.

शोरूममधली मुलगी नको नको म्हणत होती. सीटचा पट्टा आणि एअरबॅग माणूस कुठे बसतो ते मोजून बसवलेल्या असतात, मध्ये पाट घालू नका, असे तिने दोनदा सांगितले. पण काकांनी फळी ठेवलीही होती आणि बाई तिच्यावर बसल्याही होत्या. आता त्यांना रस्ता दिसत होता. त्यांचा चेहरा असा उजळला की मुलीलाही पुढे बोलवेना. ती नाइलाजाने शेजारी बसली.

ट्रायल आवारातच घ्यायची होती. धाकटीने एक फेरी झकास मारली. दुसऱ्या फेरीत एक माल उतरवणारा टेम्पो अचानक मागे येऊ लागला. बाईंनी स्टिअरिंग वळवले आणि ब्रेक दाबला, आणि दाबताच फळी त्यांच्यासकट पुढे सरकली. गुडघे डॅशबोर्डवर आपटले. पाय पेडलवरून निसटला. धाकटी थेट माझ्या अंगावर आली! तिचे दोन्ही दिवे माझ्या दाराच्या पत्र्यात मोठे होत गेले. माझ्यात डिझेलचा थेंब नव्हता, पळायला जागा नव्हती. मुलीने हँडब्रेक खेचला. धाकटी माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

सुतारकाका धावत आले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. बाई उतरल्या, गुडघा चोळला, फळी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"काम सुरेख केलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण माझ्याखाली काहीतरी सारून मला उंच करू नका. मला जागाच माझ्या उंचीची हवी."

एवढे बोलून त्या मागे वळल्या, आणि समोर मी होते.

त्या माझ्यात बसल्या. मुलीने त्यांचा हात धरून त्या काळ्या दांड्यावर ठेवला. वर ओढा, म्हणाली. बाईंनी ओढला. कट्. सीट बोटभर वर आली. पुन्हा ओढला. कट्. मित्रांनो, कारखान्यापासून मी ज्या गोष्टीचा अर्थ शोधत होते तो मला त्या घडीला कळला. सहा वेळा दांडा ओढला आणि बाईंची नजर स्टिअरिंगच्या वर आली, काचेच्या बाहेर गेली, माझ्या नाकाच्या टोकापर्यंत पोचली.

"बॉनेट दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "अहो, मला बॉनेट दिसतंय."

काका खिडकीशी वाकून उभे होते. ते नुसतीच मान हलवत राहिले.

टॉपमामा मात्र हटायला तयार नव्हता. सीट थोरलीचीही वर होते, वर छताला काच आहे, ताई, घ्यायचीच तर मनासारखी घे. त्याच्या आग्रहाखातर काका थोरलीत शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांचे डोके छताला लागले. त्या काचेच्या चौकटीने वरची जागा खाल्ली होती. शिवाय थोरली हवी तर चार महिने थांबावे लागणार होते, आणि डोंगरावरचे अकरा जण एक तारखेपासून वाट बघणार होते.

"ताई, आकाश दिसतं गं आतून," टॉपमामाने शेवटचा प्रयत्न केला.

"मला रस्ता बघायचाय रे," बाई म्हणाल्या. "आकाश वस्तीवर पोचल्यावर बघीन."

झाले. मी त्यांची झाले! आवारातून निघताना मी थोरलीच्या काचेसमोरून गेले, आणि खोटे कशाला सांगू, जरा जास्तच ऐटीत गेले.

एक तारखेला सकाळी आठला आम्ही निघालो. काकांनी डिकीत मलमपट्टीच्या सामानासाठी सहा खणांची पेटी करून बसवली होती, एकही बाटली खडखडत नसे. लाकडाची खरी जागा त्यांना तिथे सापडली होती. डोंगराचा चढ आला की बाई पहिला गिअर टाकत आणि म्हणत, चल गं बाई, तूही मधली, मीही मधली. दाट धुके असले की माझा मागचा वायपर सपासप चाले. वस्तीतले म्हातारे माझा आवाज ओळखू लागले. एक मास्तर तर पायाची जखम दाखवण्याआधी माझ्या टपावर थाप मारून मला शाबासकी देत. तसे कौतुक दिव्यांखाली उभ्या असलेल्या गाडीला कधी मिळत नाही.

सुट्टीच्या दिवशी काका शेजारी बसत. ते गाडी चालवायला कधी शिकले नाहीत. वळण आले की त्यांचा पाय आपोआप खाली दाबला जाई. तुमच्या बाजूला ब्रेक नाही, उगीच चपला झिजवू नका, असे बाई म्हणत. मग दोघे हसत, आणि मी त्या हसण्यावर डोंगर चढे. सात वर्षे अशी गेली. सातही वर्षे मी रोज सकाळी नव्यासारखी उत्सुक असे.

मग बाई आजारी पडल्या. तीन आठवडे टॉपमामाने मला इस्पितळात नेले, आणले, नेले. शेवटच्या दिवशी आणले तेव्हा माझ्यात बाई नव्हत्या.

त्यानंतर दीड वर्ष मी अंगणात उभी होते. काका रोज येत. काचा पुसत, आरसे पुसत, चाकांतली माती काडीने काढत. शोरूममध्येही मी इतकी चकचकीत नव्हते. पण त्यांनी मला कधी सुरू केले नाही आणि दुसऱ्या कुणालाही करू दिले नाही. बॅटरी मेली. टायर खालून चपटे झाले. वायरीत उंदरांनी घर केले. बाहेरून मी लखलखत होते आणि आतून दिवसेंदिवस गंजत होते. ही गोष्ट त्यांना कळत नव्हती, आणि मला सांगता येत नव्हती.

एका दुपारी एक तरुण नर्स फाटकाशी आली. बाईंच्या जागी गाडीवाली कुणी मिळाली नव्हती, म्हणून संस्थेने ते काम तिला दिले होते. चालवता येत नव्हते, पण गाडी मिळाली तर शिकून घेईन म्हणाली. बसच्या शेवटच्या थांब्यापासून तासभर चढून ती वस्तीत पोचे, म्हणून रोजच्या जखमा आता दिवसाआड धुतल्या जात होत्या. मास्तरांचा पाय पुन्हा चिघळला होता. ही गाडी तुम्ही विकणार का, एवढेच तिला विचारायचे होते. टॉपमामा तिथेच होता. तो म्हणाला, विकून टाका, भाऊजी, उभी राहून सडतेय बिचारी.

काकांनी हातातले फडके पिळले. पुन्हा पिळले. त्यात पाणी उरलेच नव्हते.

"विकायची नाही," ते म्हणाले. "मी शिकतो. मीच नेईन तुला वर."

सहासष्टाव्या वर्षी! मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडले, उंदरांचे घरटे बाहेर काढले आणि म्हणाला, "काका, पुसून गाडी जगत नाही. चालवावी लागते." काका लहान मुलासारखे खाली बघत राहिले.

नवी बॅटरी बसली. चावी फिरली. मी खोकले, शिंकले, आणि सुरू झाले! त्या आवाजाने शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. काकांच्या गुडघ्यांसाठी सीट खाली घ्यावी लागली. ती त्यांनी स्वतः घेतली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

टॉपमामा शिकवायला बसला. रंधा नाहीये भाऊजी, एवढा जोर लावू नका, असे तो दर मिनिटाला ओरडे. पहिल्या आठवड्यात मी चाळीस वेळा बंद पडले. दुसऱ्या आठवड्यात बारा वेळा. तिसऱ्या महिन्यात काकांच्या पाकिटात लायसन्स आले.

पहिल्याच दिवशी डोंगराच्या मधल्या चढावर मी पुन्हा बंद पडले. मागे दोन ट्रक. हॉर्नचा नुसता कल्लोळ. शेजारी नर्स सामान मांडीवर घट्ट धरून बसली. काकांनी हँडब्रेक ओढला, कपाळ पुसले, पहिला गिअर टाकला. मी सगळा जीव लावला. आणि मित्रांनो, मी चढले!

चार वर्षे झाली त्याला. आता एक सांगते आणि तुमचा निरोप घेते. तुमच्या घरी गाडी घ्यायची वेळ आली तर वरची की खालची यावर भांडू नका. जो चालवणार आहे त्याला आधी तिच्यात बसवा, आणि त्याला काय दिसते ते विचारा. शेजाऱ्यांना काय दिसते ते मागाहून. आणि घेतलीत की ती पुसा जरूर, पण उभी ठेवू नका. आवडत्या माणसाची असेल तर मुळीच ठेवू नका.

मास्तरांचा पाय भरून आला. रुग्ण आता चौदा झालेत. नर्स फाटक उघडून आत येते आहे, काका चपला घालताहेत. आम्हाला नऊच्या आत वर पोचायचे आहे.