आटण्यापुरतं जास्त

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता तिने मालकांना सांगितलं की भागीदारी नको, आणि महिनाअखेरनंतर नोकरीही नको.

मालकांची लॅब कृत्रिम दात बनवायची. भागीदारीचे कागद त्यांनी आदल्याच आठवड्यात तयार करून घेतले होते. ऐकताऐकता त्यांनी चहाचा कप ओल्या प्लास्टरवर ठेवला आणि तो तिथेच रुतला.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"आहे, काका."

"अठरा वर्षांत तुझा एक दात परत आला नाही. आणि आता म्हणे चित्रं काढणार! काढ की. रविवार काय पळून गेलाय?"

"रविवारी काढूनच कळलं."

कळलं ते असं. दात घडवताना पोर्सेलीनची पूड पाण्यात कालवून बारीक ब्रशने थरावर थर चढवतात आणि मग भट्टीत घालतात. भट्टीत तो आटतो, साधारण पाचव्या हिश्शाने. म्हणून आधी तेवढा मोठा घडवायचा. नवखी माणसं मोजून घडवतात. तिने मोजणं केव्हाच सोडलं होतं, हाताला आपोआप कळायचं.

रविवारी हाच हात माणसांचे चेहरे खऱ्या मापात रंगवायचा. सात वर्षं. लोक "छान आहे हं" म्हणत आणि दुसरा विषय काढत. परवाच्या रविवारी तिने वडिलांचं हसरं चित्र पुरं केलं. ते बघून धाकटी बहीण दाराशीच थबकली.

"ताई, हे बाबा आहेत? घोडा लाजेल गं!"

"तुझ्यापेक्षा बरेच दिसतायत," वडील म्हणाले. पण हसले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं होतं. गळ्यातली टेप काढून त्यांनी आधी स्वतःचे डोळे, मग तोंड मोजलं, आणि तीच टेप चित्राला लावली. मग पुन्हा एकदा लावली.

"हे कापड आटणारं आहे का?"

"नाही बाबा. कॅनव्हास आहे."

"मग बोटभर जास्त कशाला सोडलीस? डोळे मापात आहेत. नाकाखाली सगळं वाढीव."

तिने खाटेखालची जुनी चित्रं ओढून काढली. जिथे तोंड मिटलेलं होतं तिथे सगळं ठीक होतं. जिथे दात दिसत होते, तिथून हात थेट लॅबमध्ये गेला होता. खरं तर तिला वाईट वाटायला हवं होतं. उलट हायसं वाटलं. इतकी वर्षं ती समजत होती की आपल्यात काहीतरी कमी आहे. निघालं ते जास्त, आणि तेही टेपने मोजण्याजोगं.

मालकांना यातलं अर्धंच पटलं. "मग चित्रात दात बारीक काढ. त्यात काय एवढं?"

तिने खिशातून कागदाची पुडी काढून त्यांच्यापुढे उलगडली. आत एक दाढ होती. मालकांनी डोळ्याला भिंग लावलं.

"आखूड आहे."

"काल माझ्याच हातून झाली. सकाळभर मी चित्राचा विचार करत होते."

"तुझ्या हातून?"

"हात एकच आहे, काका. एक तर आटणाऱ्याचा, नाहीतर न आटणाऱ्याचा. दोन्ही धरून बसले तर दात लोकांच्या तोंडात नीट बसणार नाही आणि चित्रातही नाही."

मालकांनी भिंग उतरवलं. "आणि खायचं काय?"

"दोन वर्षांचं बघून ठेवलंय."

"दोन वर्षांत नाही जमलं तर?"

"तर तिसऱ्या वर्षी. मी दोन वर्षांसाठी निघालेली नाही. हात चालेल तोवर हेच."

"हट्टी आहेस," ते म्हणाले आणि त्यांनी दाढ पुडीत बांधून स्वतःच्या खिशात टाकली. भागीदारीचे कागद मात्र त्यांनी फाडले नाहीत. खणात ठेवले, आणि तिच्या देखत ठेवले.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, सोमवारी, सकाळी नऊ वाजता वडील खिडकीपाशी खुर्चीत बसले. नवा कॅनव्हास होता. साडेनऊला त्यांनी तक्रार केली.

"किती वेळ हसू? गाल भरून आले."

"हसू नका. तोंड नुसतं उघडं ठेवा."

"ते कधी बंद असतं?" आतून बहीण म्हणाली.

ती रोज सहा तास रंगवत होती. रोज संध्याकाळी वडील टेप लावत, आकडा सांगत, आणि ती चित्रातलं तोंड तेवढं खरवडून काढी. शुक्रवारी साडेपाचला त्यांनी पाचव्यांदा टेप लावली. तोंड अजून जास्तच होतं. पण आता पाचवा हिस्सा नाही, नववा.

"आटतंय," वडील म्हणाले.

तिने सुरीने तोंड पुन्हा खरवडलं. डोळे, कपाळ आणि कान तसेच ठेवले आहेत. शनिवारी सकाळी नऊला वडील पुन्हा बसणार आहेत.